अकरा युनिट

सव्वाआठच्या फेरीबोटीत लाइनमन शाणू कळंगुटकर
विनोद सांगतो. तोच. नोटरी आणि बैलाचा.
नऊ वर्षं झाली.
पहिल्या वाक्याला बोट जुन्या गोव्याचा धक्का सोडते,
बैल बोलू लागतो तेव्हा आम्ही मांडवीच्या मधोमध,
आणि शेवटचा शब्द पडतो
दिवाडीच्या काठावर लोखंडी फळी आपटते तेव्हाच, धाडकन.
बोटीतले सगळे हसतात,
स्कूटरवाले, पाववाला, कोंबड्यांची टोपली घेतलेली ती बाईसुद्धा.
विनोदाला की फळीला, कोण जाणे.
माझे वडील पेटी वाजवायचे.
ते असते तर म्हणाले असते, समेवर आला.

मी मीटर वाचतो.
बायको नव्या शेजाऱ्यांना सांगते, ह्यांना वाचनाची आवड.
दिवसाला सत्तर घरं, टॉर्च, रजिस्टर,
खिशात कुत्र्यांसाठी शिळे उंडे.
माणसांची नावं चुकतात माझी. कुत्र्यांची नाही.

मळारात चढणीवर एर्मेलिंदाबायचं घर.
दर महिन्याला अकरा युनिट, कधी बारा.
एकदा साहेबांनी लाल शाईत विचारलं:
रीडिंग संशयास्पद. घर बंद असते काय?
मी खाली लिहिलं: घर चालू आहे. चावीवर चालते.
त्यावर मेमो आला. तो मी जपून ठेवलाय.

खरंच चावीवर.
तिचा फोनोग्राफ हाताने फिरवायचा,
आणि तिचं मनगट आता वळत नाही,
म्हणून मीटर वाचून झाला की वेढे मी देतो.
वीस. एकविसावा नको, स्प्रिंग रागावते.
मग तबकडीवर आधी पाऊस पडतो बराच वेळ,
आणि पावसातून कुणी एक बाप्या
मांडो म्हणत येतो, हळू,
जणू नवे बूट घालून चर्चची पायरी चढतोय.
मला अर्धे शब्द कळत नाहीत.
पोर्तुगीज तर वीजबिलाइतकंच कळतं.

दुसऱ्या कडव्यात एक जागा आहे,
गाणारा श्वास घेतो तिथे.
परवा नेमकी तिथे मला ठसका लागला.
उंड्याचा चुरा असेल, किंवा धूळ.
एर्मेलिंदाबाय हसली. इतकी हसली
की चष्मा काढून झग्याला पुसावा लागला.
"हांगाच तो खोंकतालो," म्हणाली,
"सदांच. चाळीस वर्सां."
भिंतीवरच्या फोटोत तो, बो टाय लावून,
खोकला आवरून बसल्यासारखा.
मग म्हणाली, आनी एकदां लाय.
मी पुन्हा वीस वेढे दिले.
ती जागा आली. मी खोकलो.
ह्या वेळी मुद्दाम, आणि वाईट खोकलो.
ती हसली नाही. मान हलवली,
चुकलेल्या ताना ऐकून जाणकार हलवतात तशी.

वडिलांच्या पेटीची एक पट्टी मेलेली होती, पंचमाची.
जत्रेच्या नाटकात ती जागा आली
की ते तोंडानेच "पऽ" म्हणायचे
आणि पुढे वाजवायचे.
गावाला वाटायचं, गाणंच तसं आहे.
पुढे कोणी नवी पेटी दान दिली, सगळ्या पट्ट्या जिवंत.
लोक म्हणाले, हिच्यात काहीतरी कमी आहे.

पाचच्या बोटीने परत.
रजिस्टरात लिहिलं: मळार, अकरा.
मनगट दुखत होतं, चाळीस वेढ्यांचं.
त्याला रकाना नव्हता.
शाणूला सांगितलं सगळं. तो ऐकत होता,
पण बोटीत कोणी नवा पाहुणा दिसला त्याला,
आणि त्याने परतीच्या वाटेवर, नियम मोडून,
नोटरी काढला.

सुकती होती. बोट गाळाला घाबरत वळसा घेत चालली.
विनोद संपला तेव्हा आम्ही अजून पाण्यात.
शेवटचा शब्द पडला, आणि नुसतंच इंजिन.
पाहुणा शाणूकडे बघतोय. शाणू माझ्याकडे.
पाववाला रिकाम्या टोपलीत. कोणी हसेना.
मला वाटलं, खोकावं का.

तेवढ्यात धक्का आला. फळी आपटली.
आणि आम्ही सगळे हसलो,
तो पाहुणा सर्वात मोठ्याने.